फेरफारात १९४९ ला मयत, मनीऑर्डरची पावती १९५३ ची: चुलत आजोबांचा शोध कुठे घ्यावा?

खाडीपल्याड (धागाकर्ता)

घोडबंदर पट्ट्यातलं गाव, आता ठाणे महापालिकेच्या हद्दीत. शोध आजोबांच्या धाकट्या भावाचा. घरात एवढंच सांगतात की ते लहानपणीच पटकीने गेले. कागद वेगळं बोलतात. हाती आलेले कागद असे:

शाळेचं जनरल रजिस्टर: जन्म १९१२, शाळा सोडली १९२५. म्हणजे तेराव्या वर्षापर्यंत तरी होते.
१९३४ चा वारस फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद): वडील मयत, दोन मुलगे, थोरला ए.कु.क. (एकत्र कुटुंब कर्ता).
१९४१ चा फेरफार: धाकटा 'वेडसर', पालनकर्ता थोरला भाऊ.
१९४९ चा फेरफार: धाकटा 'मयत, निपुत्रिक', त्याचं नाव कमी, थोरल्याचं कायम.
गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक: १९४१ ते १९५२ पानन् पान पाहिलं, मृत्यूची नोंद नाही.
आणि ट्रंकेत सापडलेली मनीऑर्डरची पोच. शिक्का १९५३ चा, पैसे घेणारा ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा अधीक्षक.

जिवंत माणसाला मयत दाखवून जमीन नावावर केली, असा संशय आहे. जमीन कधीच विकली गेली, हक्कबिक्क मागायचा नाही. फक्त काय घडलं ते कळायला हवं. पुढे कोणत्या दप्तरात, कोणत्या क्रमाने जावं?

---

दप्तरी

पहिली गोष्ट, फेरफार हा मृत्यूचा पुरावा नव्हे. कोणी तरी तलाठ्याला वर्दी दिली, एवढाच तो पुरावा. त्यामुळे 'काय लिहिलंय' याच्या आधी 'कोणाच्या वर्दीवरून' हे वाचा. मजकुराच्या पहिल्या दोन ओळींत ते असतं.

तारखांचा घोळ नेहमीचा आहे. एका फेरफारावर तीन तारखा सापडतात: नोंद घातल्याची, नोटीस दिल्याची आणि सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) मंजूर केल्याची. यातली एकही मृत्यूची तारीख नाही. मृत्यूची तारीख असलीच तर मजकुरात असते, आणि पुष्कळदा तिथे 'सुमारे दोन वर्षांपूर्वी' असं मोघम असतं. शिवाय महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, म्हणून नुसतं 'सन ४९' दिसलं तर ४८-४९ की ४९-५० हे नोंदीच्या क्रमांकावरून ठरवा.

तुम्ही नमुना ६, म्हणजे फेरफारांची वही, पाहिलात. आता ६-क आणि ६-अ पाहा. ६-क ही वारसांची नोंदवही, ६-अ तक्रारींची. गावात कोणी हरकत घेतली असेल तर ती ६-अ मध्ये जबाबांसकट असते. घरातलं भांडण सरकारी भाषेत वाचायचं तर तीच वही. लोक ६ काढतात, ६-अ मागायचं विसरतात आणि कारकून आपण होऊन देत नाही.

'आपले अभिलेख' संकेतस्थळावर ठाणे जिल्ह्याचे जुने फेरफार स्कॅन केलेले मिळतात. नोंदणी करा, कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव, अभिलेखाचा प्रकार निवडा, मग क्रमांक टाका. नाव टाकून शोधता येईल अशी आशा ठेवू नका. तिथे क्रमांकावरून क्रमांकावर जायचं असतं. जुन्या हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर कमी केलेलं नाव कंसात असतं आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. तो टाका, त्या फेरफारात मागचा क्रमांक सापडेल, असं उलटं चालत जा. मधलं एखादं पान स्कॅनमध्ये नसलं किंवा भलत्याच गावाखाली चढलेलं असलं, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात लेखी अर्ज देऊन मूळ वही बघायला मागा. 'नोंद आढळत नाही' हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. स्कॅन चढलेलं नाही आणि वहीतच नोंद नाही, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तालुक्याचंही बघा. जुन्या कागदांवर ठाण्याचा तालुका 'साष्टी' म्हणून येतो. पनवेल १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात गेलं. वसई, डहाणू २०१४ पासून पालघरात. सोयरीक त्या बाजूची असेल तर दप्तर कुठल्या जिल्ह्याकडे राहिलं ते आधी विचारा, मगच गाडीभाडं खर्च करा.

---

केसपेपर

कोतवाल बुकात मृत्यू नाही, यात नवल काहीच नाही. मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो, माणूस जिथला असतो तिथे नाही. रुग्णालयात गेला असेल तर नोंद त्या हद्दीतल्या मृत्यू-नोंदवहीत असणार. ठाणे नगरपालिका १८६३ ची, महापालिका १९८२ ची. जुन्या वह्या आज महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागाकडे मागायच्या. अर्जात एकच वर्ष लिहू नका, १९४५ ते १९७० असा पट्टा द्या. नावाची तीन-चार रूपं लिहा, आडनाव नसलेलंही एक द्या. रुग्णालयाच्या वर्दीत बापाचं नाव चुकणं, आडनावाच्या जागी गावाचं नाव पडणं, वय दहा वर्षांनी इकडे-तिकडे होणं सर्रास आहे. जन्मवर्षावरून नोंद बाद करू नका.

आता रुग्णालय. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. ('ठाण्याला पाठवा याला' ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्रात चालते. ठाणेकरांना तेवढं हसू येत नाही.) त्या काळी भरती नातेवाइकांच्या मर्जीवर होत नसे. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याखाली मॅजिस्ट्रेटचा दाखल-हुकूम लागे. त्यासाठी अर्ज, शक्यतो नवरा, बायको किंवा नातेवाइकाचा, सोबत दोन डॉक्टरी दाखले. भटकताना सापडलेल्याला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे नेत, तो वेगळा मार्ग. पहिल्या मार्गाने गेलेल्या माणसाच्या खर्चाची हमी अर्जदार घेत असे. तुमची १९५३ ची मनीऑर्डर बहुधा त्या हमीची आहे. मात्र एका पावतीवरून तो माणूस त्या दिवशी जिवंत होता असं धरू नका. थकलेली बाकीही माणूस गेल्यावर भरली जाते. पोचेच्या तळाशी मजकुराची जागा असते, तिथे पेन्सिलीने एखादा नंबर दिसतो का बघा. तो रुग्णाचा क्रमांक असेल तर अर्धं काम झालं.

अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे करा. मोघम 'माझ्या आजोबांच्या भावाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत की नकार ठरलेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे, तेच दाखवतील. म्हणून फक्त चार गोष्टी मागा: भरतीची तारीख, दाखल-हुकूम देणारं कोर्ट, अर्जदाराचं नाव, आणि सुटकेची किंवा मृत्यूची तारीख. आजार, उपचार, केसपेपर मागू नका. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि पावतीची झेरॉक्स. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात कलम ८(३) चा उल्लेख करा: वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील.

ठाण्यात सापडलं नाही तर येरवडा आणि रत्नागिरी. ठाण्याचा माणूस ठाण्यातच ठेवला असेल असं नाही, बदल्या होत. पुराभिलेखात जाण्याची मात्र इतक्यात घाई नको. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे खंड आहेत त्यात इस्पितळांचा पत्रव्यवहार मिळेल. वार्षिक अहवालांत आकडे असतात, नावं नसतात. ते अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. काळ समजायला छान, माणूस शोधायला निरुपयोगी.

---

पाचपाखाडी_वकील

संशयाबद्दल थोडं. 'मयत दाखवून जमीन खाल्ली' इथवर एकदम उडी मारू नका, पण हेतू होता का हा प्रश्न रास्त आहे.

१९२८ पूर्वी हिंदू कायद्यात वेडा माणूस वारसाहक्कातून वगळला जाऊ शकत असे. १९२८ च्या अपात्रता-निवारण कायद्याने ते बदललं. जन्मापासून वेडा असलेलाच तेवढा बाहेर राहिला. तुमचे चुलत आजोबा १९२५ पर्यंत शाळेत होते, म्हणजे जन्मतः वेडे नव्हते. वडील १९३४ ला गेले. तेव्हा त्यांचा हिस्सा वेडाच्या नावाखाली काढून घेता येत नव्हता. 'वेडसर' लिहून भागलं नाही, म्हणून आठ वर्षांनी 'मयत' लिहिलं गेलं, असं असू शकतं.

उलट बाजूही ऐका. एकत्र कुटुंबातला भाऊ १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधी बायको-मुलांविना खरंच वारला असेल, तर त्याचा हिस्सा उत्तरजीवित्वाने (मागे राहिलेल्याकडे हिस्सा जातो, या नियमाने) भावाकडेच जाणार होता. तेव्हा त्या फेरफारात गैर काही नाही. १९५६ नंतर वारला असेल तरी, जवळचा वारस नसेल तर भावाचाच नंबर लागतो. घरातले 'जुनं उकरून काढू नका, जमिनीचं लचांड होईल' म्हणत असतील तर त्यांना हे सांगा, पुष्कळदा तोंडं तेवढ्यानेच उघडतात.

आता १९४१ चा 'पालनकर्ता'. वेड्याच्या मिळकतीवर रीतसर व्यवस्थापक नेमायचा तर १९१२ च्याच कायद्याच्या कलम ६२ खाली जिल्हा न्यायालयात चौकशी होई. नेमलेल्या माणसाला कोर्टाच्या परवानगीशिवाय जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नसे. म्हणून फेरफारात कोर्टाच्या हुकमाचा नंबर आहे का बघा. असेल तर ठाणे जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात त्या वर्षीचं किरकोळ अर्जांचं रजिस्टर शोधायला अर्ज द्या. पक्षकार नसलेल्याला नक्कल हवी तर कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र लागतं. मूळ कागद मुदतीने नष्ट झालेले असू शकतात, रजिस्टर जास्त टिकतं, आणि रजिस्टरातल्या एका ओळीत अर्जदार, तारीख, निकाल एवढं मिळून जातं. हुकमाचा नंबर नसेल, तर थोरल्या भावाने स्वतःच सांगून पालनकर्ता लावून घेतलं, असा त्याचा अर्थ.

दुय्यम निबंधकाकडेही चक्कर मारा. ठाण्याची ऑनलाइन सूची २००२ च्या मागे जात नाही, तुम्हाला हाताने लिहिलेली सूची लागणार. पुस्तक १ (जमिनीचे दस्त) कोणालाही बघता येतं. पुस्तक ३ (मृत्युपत्रं, दत्तक घेण्याचा अधिकार) करून देणारा वारल्यावर कोणालाही नक्कल मिळते. पुस्तक ४ फक्त दस्तातल्या पक्षकारांना आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांना. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ चा आकडा पाठ करून जा, खिडकीवर उपयोगी पडतो.

---

दप्तरी

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोड. जमिनीवर कूळ होतं का? असेल तर १९५७-५८ चे कागद आधी काढा.

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कूळ मालक झालं. पण कूळ कायद्याचं कलम ३२-फ पाहा: जमीनमालक अज्ञान, विधवा, अथवा शरीराने वा मनाने अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. त्यात मेख अशी की एकत्र कुटुंबात एक जरी धडधाकट माणूस असला तर ही सवलत नाही, जोवर ३१ मार्च १९५८ च्या आत अपंगाचा हिस्सा सरस-निरस मानाने (प्रत्यक्ष जमीन वाटून) वेगळा पाडलेला नाही. मग काय, त्या वर्षभरात वेडे, विधवा, पोरंटोरं यांच्या नावाने वाटण्यांचा पाऊस पडला. १९४९ ला मारलेला माणूस १९५८ च्या वाटणीत जिवंत होऊन बसलेला सापडू शकतो. कूळ नोंदवही आणि ३२-ग ची (कुळाच्या खरेदीची किंमत ठरवण्याची) प्रकरणं तहसीलच्या कूळ शाखेत मागा. त्या प्रकरणात कुळाचा जबाब असतो. मालकाच्या घरात कोण वेडं, कोण कुठे ठेवलंय हे कुळाला चांगलं माहीत असतं आणि लपवण्यात त्याचा फायदा नसतो.

---

मोडीमित्र

१९४१ चा मजकूर मोडीत आहे की बाळबोधीत? मोडीत असेल तर स्वतः लावलेला अर्थ एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आणि नावं वाचताना आपण माहीत असलेलं नावच वाचून मोकळे होतो. पान सरळ वरून, बिनसावलीचा फोटो काढून द्या, कडा कापू नका. समासातला शेरा बऱ्याचदा मुख्य मजकुरापेक्षा महत्त्वाचा असतो.

आणि धाग्यात कोणी बोललं नाही म्हणून: 'निपुत्रिक' म्हणजे अविवाहित नव्हे. मुलगा नाही, एवढंच. बायको असेल, मुलगीही असेल. त्या काळी पंचवीस-तिशीपर्यंत बिनलग्नाचा शेतकरी मुलगा विरळा, उलट 'लग्न केलं की डोकं ताळ्यावर येईल' म्हणून लग्न लावून देत. मयताचा वारस शोधताय, पण सगळे पुरुषच शोधताय.

---

पाचपाखाडी_वकील

मोडीमित्रांना +१, हे माझ्याकडून सुटलं. बायको असेल तर वर मी लिहिलेलं 'भावाकडेच जाणार होता' कोसळतं. १९३७ च्या कायद्यानंतर एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याचा हिस्सा, हयातीपुरता का होईना, मिळू लागला. मग 'निपुत्रिक' हा शब्द निवडून लिहिलेला आहे.

तिच्या शोधाचे मार्ग: काडीमोड किंवा फारकत जातपंचांपुढे झाली असेल तर कागद असेलच असं नाही. १९४७ च्या मुंबई हिंदू घटस्फोट कायद्यात वेड हे कारण चालत असे, तेव्हा दिवाणी कोर्टाचं १९४७ ते १९५५ चं दावा-रजिस्टर बघण्यासारखं आहे. तिने पाट लावला असेल तर ती दुसऱ्या गावच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या नवऱ्याच्या नावाने असेल, जुन्या नोंदीत 'कोम' (अमक्याची बायको) किंवा 'भ्र.' (भ्रतार, म्हणजे नवरा) म्हणून. नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारून वहीतली नामावळ काढा. गाव आणि आडनाव सांगितलं की वही निघते. बायकांची नावं तिथे कमी, पण सासू-सुना मिळून गेल्या असतील तर असतात.

---

खाडीपल्याड

सगळ्यांचे आभार. १९४१ च्या फेरफाराची पूर्ण पानाची प्रत आता पुन्हा पाहिली. आधी कडा कापलेला फोटो होता. मजकुराखाली तीन सह्या-निशाण्या आहेत. पहिली आजोबांची सही, दुसरा पोलीस पाटील. तिसरा अंगठा आहे, त्यापुढे 'नि. डा. हा. आं. ची' (निशाणी डाव्या हाताच्या आंगठ्याची) आणि एका बाईचं नाव. हे नाव घरात कोणालाही माहीत नाही. नावापुढे 'भ्र.' आणि चुलत आजोबांचं नाव. १९४९ च्या फेरफाराखाली हा अंगठा नाही. मनीऑर्डरच्या पोचेवर पेन्सिलीने तीन आकडी नंबर आहे.

---

दप्तरी

मग क्रम बदला. रुग्णालयाचा अर्ज नंबरसकट उद्याच टाका, त्याला वेळ लागेल. तोवर तहसीलला ६-अ ची वही, १९४१ आणि १९४८ ते ५१, दोन्ही मागा. अंगठा घेतला म्हणजे तिला समोर बोलावलं होतं, आणि बोलावलं म्हणजे जबाब असण्याची शक्यता आहे. जबाबाच्या पहिल्या ओळीत नाव, वय, धंदा आणि 'राहणार' असतं. १९४१ ला 'राहणार' तुमचंच गाव असेल. १९४९ ची नोटीस तिला बजावली होती का, कोणत्या गावी, आणि ती कोणी घेतली, हे नोटिशीच्या पाठीमागे लिहिलेलं असतं. प्रत मागताना 'दोन्ही बाजू' असं अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर पुढचीच बाजू झेरॉक्स करून देतात.

बजावणीवर दुसऱ्या गावाचं नाव निघालं तर ते तिचं माहेर धरून चला, आणि त्या गावचं कोतवाल बुक १९३५ पासून जन्मांच्या बाजूने वाचा. बाळंतपण माहेरी होतं.

---

मोडीमित्र

आणि मुलीचा जन्म असेल तर बापाच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी बघा. पान लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाचून देतो.